रोजच्या वाटणीत कोण राहून जाते?

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, लेवीय १९:९-१०, रूथ अध्याय २, १ तीमथ्य ५:३-१६, यशया १०:१-२



प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतले पहिले भांडण आहे. ते शिकवणीवरून झाले नाही, की पुढारीपणावरून झाले नाही. ते म्हाताऱ्या बायकांच्या जेवणावरून झाले. यरुशलेमेत रोज अन्नाची वाटणी होत होती. वाटणी चालू होती, अन्न होते, वाटणारे प्रामाणिक होते. तरी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची हयगय होत होती. वाटणारे इब्री बोलणारे होते आणि या विधवा बाहेरगावाहून येऊन राहिलेल्या, वेगळ्या भाषेच्या. कोणी मुद्दाम त्यांचे अन्न तोडले असे लूक कुठेच लिहीत नाही. त्या फक्त राहून गेल्या.

हा शास्त्रभाग आपण बहुतेक वेळा सेवक निवडण्याच्या प्रसंगी वाचतो. या अंकात मात्र तो आपल्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटाजवळ ठेवून वाचू. कारण सरकारी खर्चात कपात होण्याची चर्चा आता सगळीकडे आहे, आणि अनेक पाड्यांवर आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : "आमचं रेशन बंद होणार का?" याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण म्हाताऱ्या माणसाच्या घरात जे येते ते तीन वेगवेगळ्या वाटांनी येते. एक कायद्याने येते, एक योजनेने येते आणि एक सरकारच्या मर्जीने येते. कोणते कुठल्या वाटेने येते हे कळल्याशिवाय त्याची राखण करता येत नाही.

आधी मर्जीचे घेऊ. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' सुरू केला. १०० रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. पुढे गुढीपाडवा, आंबेडकर जयंती, गणपती अशा निमित्तानेही तो मिळाला. आपल्या भागात ज्यांच्या घरी वर्षभर गोडेतेल मोजून वापरतात, त्यांना त्या पिशवीचे मोल माहीत आहे. २०२५ च्या सणांना ती पिशवी आली नाही. तिजोरीवर ताण आहे, असे अन्नपुरवठा मंत्र्यांनीच जाहीरपणे सांगितले. आणि ते मंत्री आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याचे आमदार आहेत. याविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, कारण ती भेट होती, आणि देणाऱ्याचा हात आखडला की भेट थांबते. त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांच्या तरतुदीतून 'लाडकी बहीण' योजनेकडे पैसे वळवले गेले आणि सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर उघड नाराजी बोलून दाखवली. म्हणजे एका गरीब बाईला देण्यासाठी दुसऱ्या गरिबाच्या नावची रक्कम उचलली गेली. मला हे योग्य वाटत नाही. पण तो वाद इथे लांबवत नाही, कारण आपल्या आजी-आजोबांचे पोट मुख्यतः त्या पिशवीवर चालत नाही.

पोट चालते ते अंत्योदयाच्या धान्यावर. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे नाताळाच्या दिवशी सुरू झाली. अर्थात कारण नाताळ नव्हते, तो तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचा वाढदिवस. आरंभी कुटुंबाला २५ किलो धान्य होते, एप्रिल २००२ पासून ३५ किलो झाले. त्यात कोणाला घ्यायचे हे २ मे २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : ज्यांना खात्रीचा आधार नाही असे वृद्ध, अपंग, निराधार, विधवा, एकटी माणसे आणि आदिम जमातींची कुटुंबे. आपल्या इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागातले कातकरी बांधव या शेवटच्या गटात येतात.

हे निकाल ज्या खटल्यात लागले तो २००१ साली लोक स्वातंत्र्य संघटनेने (पीयूसीएल) दाखल केला होता. गोदामे भरलेली आणि राजस्थानात माणसे उपाशी, यातून तो उभा राहिला. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने अन्नाच्या आठ योजनांना सरकारची कृपा न मानता लोकांचा हक्क मानले. पुढे एप्रिल २००४ मध्ये आणखी सांगितले की, अंत्योदय, वृद्धांची पेन्शन, अन्नपूर्णा या योजना न्यायालयाच्या परवानगीशिवाय बंद करायच्या नाहीत किंवा आखडायच्या नाहीत. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि अंत्योदय कुटुंबाचे ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाचे ५ किलो थेट कायद्यात बसले. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. आज हे धान्य फुकट मिळते, तो मात्र केंद्र सरकारचा निर्णय आहे, १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी. म्हणजे २०२८ संपल्यावर पैसे द्यावे लागतील की नाही हे त्या वेळचे सरकार ठरवील. ३५ किलो मात्र कायदा बदलल्याशिवाय कमी होत नाहीत. पाड्यावर कोणी "आता तीसच येतात, वरून कमी झाले" असे सांगितले, तर ते वरून कमी झालेले नाही. मशीनमधून निघालेली पावती मागा, तिच्यावर किलो छापलेले असतात.

लेवीय १९ मध्ये हीच गोष्ट आहे. कापणी करताना शेताचा कोपरा सोडायचा, पडलेली कणसे वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. मालकाला दया आली तर सोड, असे तिथे म्हटलेले नाही. शेत मालकाचे, पण कोपरा मालकाचा नाही. बवाज भला माणूस होता, त्याने मोठ्या मनाने जास्तीची कणसे पाडू दिली. पण तो भला नसता तरी रूथला त्या शेतात जाण्याचा हक्क होता. जास्तीची कणसे म्हणजे आनंदाचा शिधा समजा. कोपरा म्हणजे ३५ किलो.

मधली वाट योजनेची. वृद्धांची पेन्शन आणि अन्नपूर्णा या तिच्यावरच्या, आणि इथेच खरी कपात झाली आहे, तीही कुणाच्या लक्षात न येता. एप्रिल २००० मध्ये केंद्राने अन्नपूर्णा योजना आणली होती : ६५ वर्षांवरच्या ज्या निराधारांना पेन्शन मिळायला हवी पण मिळत नाही, त्यांना महिन्याला १० किलो धान्य फुकट. दोन वर्षांत ती राज्यांकडे सोपवली गेली आणि हळूहळू आटत गेली. आज 'अन्नपूर्णा' म्हटले की लोकांना वर्षाचे तीन गॅस सिलिंडर आठवतात, कारण २०२४ मध्ये राज्याने त्या योजनेला हेच नाव दिले. म्हाताऱ्यांच्या दहा किलोचे नावसुद्धा उरले नाही.

पेन्शनचे पाहा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या माणसामागे केंद्राचे २०० रुपये येतात. २००७ मध्ये २०० होते, आजही २०० आहेत. कोणी एक रुपया कापला नाही, फक्त वाढवला नाही. महाराष्ट्रात राज्य सरकार भर घालते आणि २०२३ पासून श्रावणबाळ व संजय गांधी योजनेत मिळून १५०० रुपये हाती येतात, हे मान्य करायला हवे. पण अट पाहा : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. रोजंदारीचे दर वाढत गेले, अट तिथेच राहिली. मुलगा द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला चार महिने गेला की कागदावर म्हातारी श्रीमंत होते.

आणि 'इष्टांक'. हा शब्द आपल्या लोकांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत खिडकीवर ऐकलेला असतो : "इष्टांक शिल्लक नाही." कायद्याखाली राज्यात किती माणसांना धान्य द्यायचे याची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरली, महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी. ठरल्याप्रमाणे २०२१ मध्ये जनगणना झाली नाही, म्हणून मर्यादाही हलली नाही. माणसे वाढली, यादी तेवढीच. त्यामुळे नवे नाव घालायचे तर कुणाचे तरी जुने निघायला हवे. यशयाच्या दहाव्या अध्यायात संदेष्टा अन्यायाचे लेख लिहिणाऱ्यांना हाय हाय म्हणतो, ज्यांच्या लिहिण्याने गरिबाचा न्याय हिरावला जातो आणि विधवा लुटली जाते. तिथे तलवार नाही, दरोडा नाही, लेखणी आहे. आता लेखणीच्या जागी मशीन आले आहे.

मशीनचा अनुभव सांगतो. एका डोंगराळ पाड्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी तीन महिने दुकानावरून रिकाम्या परतल्या. दर वेळी मशीनवर अंगठा ठेवायचा आणि तांबडा दिवा लागायचा. जन्मभर राब भाजला, भाताची आवणी केली, नागली खुडली, लाकडे फोडली, त्या बोटांवर रेषा कुठून राहणार? दुकानदार वाईट नव्हता. "आजी, मी काय करू, मशीनच घेत नाही," एवढेच तो म्हणाला, आणि आजींनी ते खरे मानले. त्यांना वाटले आपल्या हातात काही खोट आहे. केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना लेखी कळवले आहे की, आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारू नये. वहीत नोंद करून द्यावे. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात एका ११ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवरून देशभर प्रश्न उठला, त्यानंतर हे पत्र निघाले. ते दुकानदाराला दाखवल्यावर त्याच दिवशी धान्य मिळाले. तीन महिने जे मिळाले नव्हते ते कायद्यानेच दिले होते. म्हणून कायद्यात आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

जो मुळीच चालू शकत नाही त्याच्यासाठी 'नॉमिनी' नेमता येतो, म्हणजे त्याच्या वतीने दुसरा माणूस धान्य उचलतो. तहसीलला अर्ज द्यावा लागतो. (रूथ नामीसाठी कणसे वेचायला गेली; शास्त्रातली ही पहिली नॉमिनी म्हणायला हरकत नाही.) केवायसी राहिली असेल तर मोबाईलवरच्या 'मेरा ई-केवायसी' ॲपमध्ये चेहरा दाखवून ती होते, अंगठा लागत नाही. आपल्या युवक संघातल्या मुलांनी एका रविवारी उपासनेनंतर हे काम केले तर अर्ध्या पाड्याचे होऊन जाईल. फक्त नेटवर्क असलेली टेकडी शोधावी लागेल. आणि हे टाळू नका, कारण २०२५ च्या दुरुस्तीनुसार सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते बंद होते. मुलाबरोबर मजुरीच्या गावी गेलेल्या म्हाताऱ्यांनी तिथल्या दुकानातून धान्य उचलावे. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे ते कुठेही मिळते.

पौल तीमथ्याला लिहितो त्यात विधवांच्या यादीचा उल्लेख आहे आणि वयाची अटही आहे : साठ वर्षे. दोन हजार वर्षांपूर्वी मंडळीकडे यादी होती, वय होते, कोण खरी निराधार याची चौकशी होती. मग आपल्याला यादीचे काम अध्यात्माबाहेरचे का वाटते? सध्याच्या याद्यांमध्ये एक फट आहे, ती बहिणींनी नीट ऐकावी. 'लाडकी बहीण'चे पैसे ६५ वर्षांपर्यंत मिळतात. श्रावणबाळ ६५ पासून आहे. पण एकातून नाव निघाले म्हणून दुसऱ्यात आपोआप जात नाही. नवा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा सगळे पुन्हा. वयाचा पुरावा ही तर आमच्या भागातली जुनीच कथा : निम्म्या पाड्याचा जन्म आधारवर १ जानेवारीचा, आणि साल अंदाजाने. आईचे वय मुलापेक्षा दहा वर्षांनीच जास्त, असेही आधार पाहिले आहे. अशा वेळी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातून वयाचा दाखला घेता येतो.

आता मंडळीत ऐकू येणारी एक हरकत. "आपण सरकारच्या मागे का लागायचे? प्रभूच्या नावाने आपणच धान्य वाटू." भावना चांगली आहे. पण हिशोब करा. एका पाड्यावर २० अंत्योदय कुटुंबे धरली तर महिन्याला ७०० किलो, वर्षाला ८४ क्विंटल. बाजारात किलोला ३० रुपये धरले तरी अडीच लाखांच्या वर जाते, आणि हा एक पाडा झाला. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण एवढ्या तालुक्यांना कोणती मिशन संस्था पुरी पडेल? नाताळात आपण ब्लँकेट आणि तांदूळ देतो ते जरूर द्यावे. पण आपल्या पाच किलोच्या पिशवीचा फोटो निघत असताना त्याच आजीचे ३५ किलो अडकलेले असतील, तर ती सेवा अपुरी आहे, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

दुसरी हरकत घरातल्यांविषयी. आईबापांना मुलांनी पोसावे, हे पौल त्याच पाचव्या अध्यायात कडक शब्दांत सांगतो. खरे आहे, आणि आपल्यातही काही जण कार्ड आपल्याकडे ठेवून आईला वेगळ्या चुलीवर उपाशी ठेवतात. त्यांना मंडळीने समज द्यावी. अन्न सुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचे नाव ठेवले आहे, हेही मुलांना सांगावे. पण बहुतेक घरांत मुलगा टाकून गेलेला नाही, कामाला गेलेला आहे. दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारी माणसे, लहान मुले आणि कोंबड्या एवढेच राहतात. घरची नागली-वरई सरते, आषाढ-श्रावण हे अवघड महिने, म्हणून तर 'खावटी' हा शब्द आपल्या भागात घराघरात आहे. त्या महिन्यांत दुकानातले धान्य हाच आधार असतो.

प्रेषितांनी काय केले ते पुन्हा पाहा. त्यांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही. 'प्रार्थना करा, सगळे ठीक होईल' असे सांगून परत पाठवले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला लावली, आणि त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावे. ज्यांच्या विधवा राहून जात होत्या, बहुधा त्यांच्यातूनच माणसे घेतली. आपल्यालाही नाशिकहून गाडीने जाणारा कार्यकर्ता पुरणार नाही. पाड्यातलीच माणसे हवीत, कोकणी किंवा वारली बोलणारी, कुणाची आजी कुठल्या झोपडीत पडून आहे हे ठाऊक असलेली. आणि त्यांनी यादी करताना कोण मंडळीत येतो, कोण नाही हे पाहायचे नाही. धान्याच्या कामात धर्म विचारायचा नाही. अन्नाच्या आडून माणसे ओढतात असा आरोप आपल्यावर होतो. त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही, यादीने देता येते.

अशा माणसांनी करायचे काम फार मोठे नाही. महिन्यातून एकदा साठीवरच्या प्रत्येकाची पावती पाहायची : किती किलो, कोणत्या महिन्याचे. अडले तर आधी दुकानदाराशी शांतपणे बोलायचे, मग तहसीलची पुरवठा शाखा, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. फोन करायचा असेल तर १९६७. कायद्याप्रमाणे गावाची दक्षता समिती असायला हवी, ती कागदावरच असेल तर तिची बैठक मागायची. आपले बरेच तालुके पेसा क्षेत्रात आहेत. गरिबी निवारणाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार १९९६ च्या त्या कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. ग्रामसभेत ठराव करून अंत्योदयाच्या यादीतून सुटलेल्या वृद्धांची नावे तहसीलला पाठवता येतात. 'इष्टांक नाही' हे उत्तर आले तर ते लेखी मागायचे.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, तेव्हा पत्रे लिहून उपयोग होत नाही, आकडे आधीच ठरलेले असतात. २१ हजारांची अट वाढवावी, केंद्राने २०० रुपयांत वाढ करावी, इष्टांक नव्या लोकसंख्येवर ठरवावा, या तीन मागण्यांची पत्रे आमदार-खासदारांना दिवाळीच्या सुमारास जायला हवीत. पत्राला पाड्याची यादी जोडा, नुसती विनंती फाईलमध्ये पडून राहते.

महिला मंडळाच्या पुढच्या सभेला प्रत्येकीने आपल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचे रेशन कार्ड व शेवटच्या तीन महिन्यांच्या पावत्या घेऊन याव्यात. पावत्या नसतील तर कार्ड तरी आणा. आपण ती एका वहीत उतरवून घेऊ.